अण्णा सबनीस आणि घरातली भाषा

अण्णा सबनीस प्रश्न विचारायचे आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन मोकळे व्हायचे. "काय ऑफिसरबाई, आज लवकर? लवकरच. संप असेल. छे, संप कसला, शनिवार नाही का!" एवढं होईपर्यंत मी जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचलेली असायची. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्याची ही खोड. मुलं उत्तर देत नाहीत, घंटा व्हायला आलेली असते, मग मास्तर स्वतःच सांगून टाकतो. निवृत्त झाले तरी अण्णांची घंटा कायम व्हायला आलेलीच असायची.

मागच्या महिन्यात त्यांच्या सुनेचा, मीनलचा, फोन आला. "ताई, अण्णा गेले. झोपेतच गेले," एवढंच म्हणाली. मी बदली संपवून नाशिकला परतले त्याला बरेच दिवस झाले. अण्णांचं वय झालं होतं, हाल न होता गेले, म्हणजे लोक ज्याला चांगलं मरण म्हणतात तसं आलं. तरी त्या दिवशी ऑफिसात मला कुणाची बडबड सहन होईना. कोलकात्यात असताना ज्या माणसाच्या बडबडीनं मी वैतागून जायची, त्याच्याचसाठी हे व्हावं, याचा मला रागही आला.

कोलकात्याला माझी बदली झाली तेव्हा नवरा आणि मुलगा इकडेच राहिले. मी एकटी बाई, मराठी घरमालक मिळाला तर बरं, म्हणून कुणीतरी अण्णांचा पत्ता दिला. बागबाजारात प्रमोटरनं, म्हणजे तिथल्या बिल्डरनं, बांधलेली चार मजली इमारत, त्यात अण्णांचे दोन फ्लॅट. खालच्यात ते राहायचे, वरचा मला दिला. मी सामान उतरवत होते आणि अण्णा फाटकात उभे राहून इतिहास सांगत होते. "आपल्या घोडेस्वारांना भिऊन इंग्रजांनी या शहराला खंदक खणला होता, माहीत आहे? नसेलच. तो इथूनच सुरू व्हायचा. अर्धाच खणून झाला, कारण आपण आलोच नाही. आता तुम्ही आलात, तर या, चहा घ्या." गल्लीतले बंगाली म्हातारे त्यांना मास्टरमोशाय म्हणायचे आणि लहर आली की बर्गी. बर्गी म्हणजे तेच आपले घोडेस्वार, ज्यांच्या नावानं इथल्या आया अजून पोरांना झोपवतात. अण्णांना त्या शब्दाचा अभिमान वाटायचा. माणूस मात्र असा की झुरळ दिसलं तर मीनलला हाक मारायचा.

अण्णांचा जन्म कोलकात्याचा. वडील रेल्वेत नोकरीला आले आणि इथलेच झाले. बंगाली अण्णा असं बोलायचे की मासळीबाजारात कोळीण त्यांना बंगालातल्या त्यांच्या गावचं नाव विचारायची. मराठी त्यांची नीटनेटकी, थोडी पुस्तकी, घरात जपून ठेवलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा निखिल बोटीवर, वर्षातले कितीतरी महिने घराबाहेर. मीनल साताऱ्याची. लग्न होऊन आली आणि बाजारहाटापुरतं बंगाली शिकली, त्यापुढे गेली नाही. आणि या तिघांमध्ये ओजस, म्हणजे ओजू. मी आले तेव्हा चार वर्षांचा असेल नसेल. चवड्यांवर चालायचा. लिफ्टचं जाळीचं दार सरकवायला मिळालं की दुसरं काही नको, आणि ते दार कुणी दुसऱ्यानं सरकवलं की आकाशपाताळ एक करायचा. नजरेला नजर देत नसे. त्याच्याकडे मोजके शब्द होते, ते सगळे मराठी, आईकडून घेतलेले. अजून. नको. झालं. चल.

डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं त्या दिवशी मीनल दार लावून बसली. अण्णा मात्र संध्याकाळी गल्लीत उतरले आणि पानवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत प्रत्येकाला सांगून आले. "नातवाला ऑटिझम आहे. आजार नाही, औषधानं जात नाही. तुमचा काय सल्ला? असणारच काहीतरी. नका देऊ." मला तेव्हा हे विचित्र वाटलं होतं. नंतर कळलं, जिन्यात कुणी मीनलला थांबवून 'बोलत का नाही हो अजून?' असं विचारू नये, म्हणून हा माणूस आधीच सगळ्यांची तोंडं बंद करून आला होता.

मग शाळा शोधायला लागले. अण्णांना वाटलं होतं, आपण या शहरात इतकी वर्षं मास्तरकी केली, ओळखीपाळखी आहेत, कुठेतरी होऊन जाईल. पहिली मोठी इंग्रजी शाळा त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीनं गाठली. ही हकीकत मला मीनलनं सांगितली, हसत हसत, आणि सांगून झाल्यावर रडली. आत गेल्या गेल्या ओजू टेबलाखाली शिरला. मुख्याध्यापिकेनं लाल चेंडू वर धरला आणि विचारलं, रंग कोणता? अण्णा खुर्चीतून म्हणाले, लाल. बाई म्हणाल्या, मी मुलाला विचारतेय. तेव्हा अण्णा गुडघे धरत धरत टेबलाखाली गेले, नातवाशेजारी बसले आणि तिथून म्हणाले, "मॅडम, इथून तुमचा चेंडू दिसतच नाही." बाई बिचाऱ्या सभ्य होत्या. आमच्याकडे हा सुखी राहणार नाही, असं त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं. पुढे जिथे जिथे नकार आला तिथे हेच वाक्य थोड्या फरकानं ऐकायला मिळालं. अण्णा म्हणायचे, "सगळ्यांना माझ्या नातवाच्या सुखाची काळजी. जागा मात्र कुणाकडे नाही."

यानंतर अण्णांनी आपली पद्धत बदलली. मुख्याध्यापकांना भेटायचं नाही, आधी शाळा सुटताना फाटकाशी उभं राहायचं. "शाळा भरताना सगळ्याच चांगल्या दिसतात," ते मला सांगायचे. "सुटताना बघावी. पोरं बाहेर कशी येतात ते बघावं. धावत येतात? येऊ देत. पण मागे वळून कुणाला हात करतात का? शेवटी जे पोर राहतं त्याच्याजवळ कोण उभं असतं? कुणीच नसतं, बहुतेक." पांढरा झब्बा, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत छत्री आणि मुरमुऱ्यांचा डबा. दुपारच्या उन्हात हा म्हातारा आज या शाळेच्या, उद्या त्या शाळेच्या फाटकाशी. संध्याकाळी जिन्यात मला गाठून अहवाल द्यायचा. माझ्या हातात भाजी, पर्स, ऑफिसची फाइल, आणि यांचं चालूच.

एकदा ऑफिसात मला पोलीस चौकीतून फोन आला. सियालदहच्या बाजूच्या एका शाळेपाशी पालकांनी अण्णांना धरलं होतं. दोन दिवस हा माणूस फाटकाशी उभा राहून लहान मुलांकडे टक लावून बघतो, पिशवीतून खाऊ काढतो, म्हणजे पोरं पळवणाराच असणार. त्या दिवसांत तशा अफवाही होत्या. मी टॅक्सी करून गेले तर अण्णा बाकावर बसलेले, झब्ब्याची कॉलर फाटलेली, एका पायात चप्पल नाही, ओठ सुजलेला. चौकीतल्या साहेबाला ते सांगत होते की पोरं पळवायची असती तर मी शाळेची जागा निवडली नसती, आणि साहेब हसू दाबत होता. मला बघून म्हणाले, "ऑफिसरबाई आल्या. चला." टॅक्सीनं सियालदहचा उड्डाणपूल ओलांडल्यावर म्हणाले, "त्यांचं काही चुकलं नाही. पोरांना जपतात लोक." घरी पोचल्यावर मीनलनं कॉलर बघितली तशी मोठ्यानं हसून म्हणाले, "अगं, बर्गी सापडला शेवटी!" आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत निघाले. फक्त मुरमुऱ्यांचा डबा घरी ठेवला.

खरं घडलं ते पुढे. शहराच्या दक्षिणेला अशा मुलांसाठी एक शाळा होती, नाव चांगलं, सगळे तिचीच शिफारस करायचे. तिथे ओजूला तासभर खेळवलं, बघितलं, आणि मग तिथल्या प्रमुख बाईंनी मीनलला विचारलं, घरात कुठली भाषा? मीनल खरं तेच बोलली. मराठी. बाईंनी मान हलवली. आम्ही बंगालीत शिकवतो, आईनं तेच घरी पुढे चालवायचं असतं, तुम्हाला ते जमायचं नाही, मुलाचा गोंधळ होईल, दुसरीकडे बघा. परत येताना बसमध्ये हॉर्नच्या आवाजानं ओजूनं किंकाळ्या फोडायला सुरुवात केली. कुणी म्हणालं चॉकलेट द्या, कुणी म्हणालं दोन ठेवून द्या. शेवटी तिघं मध्येच उतरले आणि कितीतरी अंतर चालत आले, ओजू अण्णांच्या खांद्यावर. मी घरी पोचले तेव्हा अण्णा पायरीवर बसून होते. म्हणाले, "भाषेपायी गेलं हो. इतक्या जवळ येऊन भाषेपायी गेलं." त्यांना मी त्यापूर्वी इतकं खचलेलं बघितलं नव्हतं, चौकीतसुद्धा.

मग हावड्याची शाळा सापडली. नदीपलीकडे, घाटापासून आत, लेथ मशीनच्या छोट्या छोट्या वर्कशॉपांच्या गल्लीत दोन खोल्यांची जागा. मितालीदी नावाच्या बाई ती चालवायच्या. गल्लीत दिवसभर लोखंड कातल्याची घरघर. कुणाही पालकानं फाटकातूनच परत फिरावं असा आवाज. पण ओजूला हॉर्न चालायचा नाही आणि घरघर मात्र अतिशय आवडायची. तो त्या गल्लीत उभाच राहिला, कान देऊन, चेहरा सैल सोडून. आणि तिथे जायला बस नको. बागबाजारच्या घाटावरून लाँच सुटते ती थेट हावड्याला. लाँचच्या इंजिनाजवळच्या बाकावर ओजू शांत बसायचा. अण्णांनी शाळा सुटताना बघितली. शेवटच्या मुलाचं कुणी आलं नव्हतं, आणि त्याच्याशेजारी पायरीवर मितालीदी स्वतः बसल्या होत्या. "हीच," अण्णा मला म्हणाले. "हीच शाळा. दुसरी नाहीच."

भेटीच्या दिवशी मितालीदींनी ओजूला बघितलं, खूश झाल्या. मग मीनलकडे वळून बंगालीत विचारलं, "घरात कुठली भाषा बोलता?" मीनलनं तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "बांग्ला."

खोड म्हणावी तर खोड होती. पण या खेपेला अण्णांनी उत्तर विचार करून दिलं होतं. कोलकात्यात जन्मलेल्या, कोळणीला गावचं नाव विचारायला लावणाऱ्या माणसालाच ते देता आलं असतं. मितालीदींना शंका यायचं कारणच नव्हतं. आडनाव बघून त्यांनी विचारलंही, तर अण्णा म्हणाले, आम्ही नावापुरते मराठी. ओजूला प्रवेश मिळाला.

आणि खोटं बोललो आहोत तर ते खरं करून दाखवायचं, म्हणून त्याच दिवसापासून अण्णांनी घरात मराठी बंद केली.

मास्तरच तो, अर्धवट काही करायचा नाही. मीनलला रोज सकाळी बंगालीचे धडे. ओजूशी फक्त बंगाली. मीनलला साताऱ्याला आईला फोन करायचा असेल तर गच्चीवर जाऊन, ओजूच्या कानावर पडायला नको. मराठी मंडळात गणपतीत अण्णांचं भाषण ठरलेलं असायचं, तिथेही ते गेले नाहीत, कारण नातवाला न्यायचं तर तिथे सगळे मराठी बोलणार. मी जिन्यात भेटले तर मलाही बंगालीत काहीतरी सुनावून पुढे जायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "अण्णा, मला भाड्याच्या पावतीइतकंच बंगाली येतं." त्यांनी आत ओजू आहे का बघितलं आणि हळूच म्हणाले, "थोडे दिवस, ऑफिसरबाई. त्याचं बस्तान बसू द्या. मग बोलू की आपण. मराठी कुठे पळून जातेय?"

मीनल माझ्याकडे येऊन बसायला लागली. ओजू शाळेत आणि अण्णा त्याला आणायला पलीकडे, तेवढ्या वेळात मी सुट्टीवर असले की यायची. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून नुसती बोलत सुटायची. साताऱ्याचं, शाळेतल्या मैत्रिणींचं, शेजारणीच्या कुत्र्याचं. बोलायला मिळतंय याचाच तिला आनंद. मी ऐकत कांदा चिरायची. एक दिवस बोलता बोलता ती मध्येच म्हणाली,

"ताई, ओजूचे शब्द गेले."

"म्हणजे?"

"म्हणजे गेलेच. अजून म्हणायचा, नको म्हणायचा. आता हात ढकलतो नुसता. मी बंगालीत काही म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग खिडकीकडे बघतो. दुसरीच कुणी बाई आल्यासारखा. आणि मला तरी कुठे येतं हो? त्याला जवळ घेतल्यावर म्हणायचं काय, ते अण्णांना जाऊन विचारू का?"

"मग बोल ना मराठीत. अण्णा काय बघायला येतात?"

"शाळा गेली तर?" ती म्हणाली. "दुसरी नाही, ताई. आम्ही सगळ्या बघितल्यात."

मला अण्णांचा असा संताप आला की त्या संध्याकाळी मी त्यांना जिन्यात अडवलं. बोलायचं ते बोलले. त्यांनी एकदाही मला मध्ये तोडलं नाही. ऐकून घेतलं, खाली गेले. पण घरात काही बदललं नाही. भीती फार होती त्या घरात, आणि ती माझ्या बोलण्यानं जाण्यातली नव्हती.

थंडीत एका शनिवारी मितालीदींनी घरच्यांना बोलावलं. मीनल मला म्हणाली, ताई, तुम्ही चला, मला एकटं वाटतं. अण्णा बरोबर असतानाही तिला एकटं वाटत होतं, हे मी ऐकलं आणि गेले. लाँचवर धुकं होतं. अण्णा माकडटोपी घालून ओजूशेजारी बसलेले.

मितालीदींनी आधी ओजूची प्रगती सांगितली. आता रांगेत थांबतो, स्वतःचा डबा उघडतो. पण बोलत नाही. एकही शब्द नाही. मग त्या मीनलकडे वळल्या. बंगालीतच बोलत होत्या, पण सावकाश, म्हणून मलाही कळलं. "राग मानू नका. तुम्ही मुलाशी बोलत नाही. इथे पोचवायला येता तेव्हाही गप्प बसलेल्या असता. मुलाला शब्द कुठून मिळणार? आई बोलली पाहिजे. मास्टरमोशाय बोलून काय उपयोग?"

मीनलला सगळं कळलं. उत्तर द्यायला मात्र तिच्याकडे बंगाली नव्हतं. तिचा चेहरा लालबुंद झाला आणि तिनं पदराशी चाळा सुरू केला. मी अण्णांकडे बघितलं. वाटलं, आता हे नेहमीसारखे उत्तर देऊन टाकतील. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली.

"तिला बंगाली येत नाही," ते म्हणाले. "आम्ही मराठी. घरात मराठीच होती. मी तुमच्याशी खोटं बोललो, आणि तिचं बोलणं मी बंद केलं. तिची काही चूक नाही. मुलाला काढू नका."

मला वाटलं, मितालीदी ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मास्टरमोशाय," त्या म्हणाल्या, "भाषा मी का विचारली? त्याच्या कानावर काय पडतं ते मला कळावं म्हणून. माझ्याकडे बिहारी मुलगा आहे, तेलुगू आहे. त्यांच्या घरचे शब्द मी शिकून घेतले. याचेही घेतले असते. याला शब्द होते?"

"होते," अण्णा म्हणाले.

"कोणते?"

आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत असून देता आलं नाही. मीनलनंच सांगितलं. अजून, नको, झालं, चल. मितालीदींनी ते एकेक करून, बंगाली वळणानं, म्हणून बघितले. मग उठल्या, ओजूच्या चटईजवळ खुर्ची ठेवली आणि मीनलला म्हणाल्या, "बसा. घरी बोलत होता तसं बोला त्याच्याशी. आत्ता."

मीनल बसली. तोंड उघडलं. आणि पहिलं वाक्य बंगालीत आलं. तिचं तिलाच कळलं, तशी तिनं तोंडावर हात ठेवला. मग खूप हळू म्हणाली, "ओजू. बाळा. चल, घरी जायचं?" ओजू लाकडी मण्यांची रांग लावत होता. त्यानं वर बघितलं नाही. ती परत म्हणाली, परत म्हणाली. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

शाळा गेली नाही. मितालीदींनी मीनललाच रोज वर्गात येऊन बसायला सांगितलं. अण्णांनी त्या दिवसापासून लाँचवर पाय ठेवला नाही. मी विचारलं, "तुम्ही का नाही जात?" तर म्हणाले, "माझं बोलणं त्याच्या कानात फार झालं. आता तिचं जाऊ दे." घरात पुन्हा मराठी सुरू झाली, पण अण्णांची नाही. ते बोलेनासेच झाले. मासळीबाजारात बोट दाखवून मासे घ्यायचे. जिन्यात भेटले की "या" म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. मी कितीदा मुद्दाम रेंगाळले, म्हटलं विचारतील काही, चिडवतील. नाही. त्या जिन्याइतकं उदास काही मी पाहिलेलं नाही.

माझा परतीचा हुकूम आला तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. निघायच्या दिवशी अण्णा घरी दिसले नाहीत, म्हणून घाटावर गेले. तिथे जाताना सर्क्युलर रेल्वेचे रूळ ओलांडावे लागतात. अण्णा जेट्टीच्या बाकावर बसलेले, मांडीवर छत्री. मी शेजारी बसले. निघते म्हणून सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. हावड्याकडून लाँच येत होती.

लाँच लागली. गर्दी उतरली आणि सगळ्यांत शेवटी मीनल, ओजूचा हात धरून. तो चवड्यांवर चालत होता आणि ती त्याच्याशी मराठीत बोलत होती, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून, कुणाची पर्वा न करता. अण्णा उठून पुढे गेले.

"काही बोलला?" त्यांनी विचारलं. मग ते उत्तरासाठी थांबले.

मला नंतर कळलं की रोज ते एवढंच विचारायचे. मीनलनं त्यांच्याकडे बघितलं. म्हातारा किती थकलाय ते तिला दिसत होतं. हो, म्हणाला एकदा, असं ती म्हणाली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं आणि त्या माणसाला त्या दिवशी जेवण गेलं असतं. पण त्या घरात आता कुणीच खोटं बोलत नव्हतं. तिनं नुसती मान हलवली. नाही.

"बरं," अण्णा म्हणाले. तिच्या खांद्यावरची पिशवी त्यांनी आपल्या खांद्यावर घेतली, आणि तिघं रुळांकडे चालू लागले.